कॅम्पिंग व निवासासाठी छोटा मालवाहू ट्रेलर

सामानाची ने-आण करण्यासाठी बनवलेल्या, चारही बाजूंनी बंद आणि वजनाला हलक्या ट्रेलरमध्ये झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून तो मुक्कामासाठी किंवा कायमच्या राहण्यासाठी वापरण्याची पद्धत. असा ट्रेलर बहुधा एका ॲक्सलचा, दोन चाकांचा असतो आणि मोटारीच्या किंवा लहान पिकअपच्या मागे जोडता येतो. ४ × ६, ५ × ८, ६ × १० आणि ६ × १२ फूट ही त्याची नेहमीची मापे. आतली उंची पाच ते साडेसहा फूट असते. लोखंडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवूडच्या भिंती, जाड प्लायवूडची जमीन, बाजूला एक लहान दार आणि मागे दुपाखी दार किंवा खाली उतरणारा रॅम्प अशी त्याची रचना असते. ही पद्धत उत्तर अमेरिकेत सर्वाधिक रूढ आहे.

तयार कॅरव्हॅन (मोटारीमागे ओढायचे सुसज्ज घर) सोडून लोक मालाचा डबा का निवडतात, याचे उत्तर त्याच्या रिकामेपणात आहे. कॅरव्हॅनमध्ये कपाटे, नळ, टाक्या आणि ओटा आधीच बसवलेले असतात. त्यामुळे तिच्या मंजूर एकूण वजनाचा (स्वतःचे वजन अधिक आतला भार) मोठा हिस्सा ती स्वतःच खाते आणि राहणाऱ्याच्या सामानाला थोडे उरते. मालवाहू ट्रेलरचे गणित उलटे आहे. तो भार वाहण्यासाठीच बांधलेला असतो. अमेरिकेत ५ × ८ फुटांचा रिकामा ट्रेलर साधारण ४०० ते ४५० किलो भरतो. तेथील एका ॲक्सलच्या ट्रेलरचे मंजूर एकूण वजन बहुधा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ किलो असते. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणून उत्पादक आकडा त्याच्या किंचित खाली ठेवतात. शिवाय डबा रिकामा असल्याने पलंग कुठे घ्यायचा, दार कुठे कापायचे, हे राहणारा ठरवतो. गरज बदलली की सगळे काढून त्यात पुन्हा माल भरता येतो. हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. तो टिकवायचा तर फर्निचर खिळ्यांनी व डिंकाने कायमचे ठोकण्याऐवजी बोल्टने बसवणे केव्हाही चांगले.

इतिहास : चाकांवरच्या घरातून हौसेने हिंडण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटिश डॉक्टर व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची निवासी गाडी बांधून घेतली. ब्रिटनमधील कॅरव्हॅन क्लब १९०७ मध्ये स्थापन झाला. मोटारीमागच्या छोट्या, घरी बांधता येणाऱ्या ट्रेलरची परंपरा अमेरिकेत १९३० च्या दशकात रुजली. आत फक्त झोपण्यापुरती जागा आणि मागचे झाकण उचलले की स्वयंपाकघर, असे थेंबाच्या आकाराचे ट्रेलर तेव्हा लोकप्रिय झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले सामान स्वस्तात मिळू लागल्याने त्यांची बांधणी आणखी पसरली. चौकोनी मालवाहू डबा हा त्याच परंपरेतला नंतरचा वारस. त्यात गोलाई नाही, पण मोठ्या मापांत उभे राहायला उंची आहे आणि बांधणीला सुताराचे कसब लागत नाही. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर अमेरिकेत घरभाडे सोडून गाडीत राहायला जाणाऱ्यांकडे लोकांचे लक्ष गेले; त्यांच्यातल्या काहींनी व्हॅनऐवजी हा डबा पसंत केला. हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट परिसरात जमणाऱ्या हजारो वाहनवासीयांमध्ये असे ट्रेलरही असतात.

वजन आणि तोल : या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय हाच. ट्रेलरची क्षमता मोठी असली तरी ओढणाऱ्या गाडीची मर्यादा बहुधा आधी गाठली जाते. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोंपेक्षा जास्त चालत नाही. समजा, असा ट्रेलर रिकामा ३०० किलोंचा आहे. उरलेले ४५० किलो भरपूर वाटतात, पण ८ × ४ फुटांचा १८ मिलिमीटर प्लायवूडचा एक तक्ता ३० किलोंच्या पुढे जातो. पलंग, ओटा आणि कपाट मिळून असे चार तक्ते लागले की सव्वाशे किलो संपले. उबेसाठी भिंतीत बसवायचा त्याच लांबीरुंदीचा २५ मिलिमीटर जाडीचा फोमचा तक्ता मात्र दोन-अडीच किलोंचाच असतो. म्हणून जाणकार बांधणी करणारे उबेसाठी हात सैल सोडतात आणि लाकडाच्या बाबतीत काटकसर करतात. भिंतीला ५ मिलिमीटर प्लायवूड पुरते. पलंगाला पट्ट्यांची चौकट पुरते, आणि कपाटाच्या जागी कापडी पिशव्या किंवा प्लॅस्टिकचे डबे चालतात.

किती वजन यापेक्षा कुठे वजन, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. ट्रेलरचे तोंड, म्हणजे पुढचे टोक, गाडीमागच्या ज्या गोळ्यावर अडकवतात, त्या जोडणीच्या गोळ्यावर एकूण वजनाचा ठरावीक हिस्सा यायलाच हवा. अमेरिकेतला प्रघात १० ते १५ टक्क्यांचा आहे. युरोपात गाड्यांच्या जोडणीची उभ्या भाराची मर्यादा कमी असल्याने तो ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. जड सामान ॲक्सलच्या मागे गेले की तोंड हलके होते आणि ठरावीक वेगानंतर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी गाडीचे मागचे टोकही तो बरोबर ओढतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. ट्रेलरचे ब्रेक हाताने लावण्याची सोय असेल तर तेवढेच लावावेत. वेग वाढवून ट्रेलर सरळ करू पाहणे किंवा गाडीचा ब्रेक करकचून दाबणे, या दोन्हींनी उलटण्याचा धोका वाढतो.

तोंडावरचा भार मोजायला घरातला वजनकाटा चालतो. सपाट जागी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, काट्यावर लाकडाचा उभा तुकडा ठेवायचा आणि ट्रेलरचे तोंड त्यावर टेकवायचे. ओढताना तोंड जितक्या उंचीवर असते तितक्याच उंचीवर ते टेकले पाहिजे, नाहीतर आकडा फसवा येतो. ६०० किलोंचा ट्रेलर असेल तर १० टक्क्यांच्या हिशेबाने काटा ६० किलोंच्या खाली जाता कामा नये. हे वजन मुक्कामाच्या पूर्ण सामानासह, पाण्याचे कॅन भरून करावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून पाणी ॲक्सलच्या अगदी वर किंवा किंचित पुढे ठेवतात. प्रवासात ते संपत गेले तरी तोल फारसा बिघडत नाही.

ओलावा आणि ऊब : झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. घराच्या खोलीत ते जाणवत नाही. चाळीस चौरस फुटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन माणसे निजली तर सकाळी भिंती ओल्या होतात. त्यातही एक खूण पाहण्यासारखी असते. ओल सगळीकडे सारखी नसते, भिंतीवर ठरावीक अंतराने उभ्या ओल्या रेषा उमटतात. त्या रेषांमागे चौकटीच्या लोखंडी बरगड्या असतात. लोखंडातून उष्णता फोमच्या हजारपटीहून अधिक सहज वाहते, त्यामुळे बरगडीची जागा जवळजवळ बाहेरच्या थंडीइतकी गार पडते आणि वाफेचे तिथेच पाणी होते. बरगड्यांच्या मधल्या गाळ्यांत फोम भरून काम संपत नाही, ते यामुळे. बरगड्यांवरूनही अखंड पातळ थर घालून मगच आतले प्लायवूड लावायला हवे. काचतंतूची लोकर इथे टाळलेली बरी. ती ओल धरून ठेवते आणि पत्र्यामागे काय चालले आहे ते दिसत नाही. गादीखाली सलग फळी असेल तर गादीचा तळ काही आठवड्यांत बुरसटतो. पट्ट्यांचा पलंग हवाच, तो केवळ वजनासाठी नव्हे.

ओल्या हवेला बाहेर काढण्याला पर्याय नाही. छतावर १४ इंच चौरस झडपेचा पंखा बसवणे ही रूढ पद्धत आहे, पण नुसता वरचा पंखा पुरत नाही. हवा आत यायला खालच्या बाजूला दुसरी वाट लागते, आणि ती छतावरच्या झडपेपासून शक्य तितकी लांब असावी.

गॅसच्या उघड्या ज्योतीने डबा गरम करण्याचा मोह फार लोकांना होतो. एक किलो प्रोपेन जळल्यावर सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे ऊब मिळवताना ओल विकत घेतली जाते. त्याहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि इतक्या लहान जागेत तो झोपेतच जीव घेऊ शकतो. ज्याची ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो असाच हीटर आत बसवावा; डिझेलवर चालणारे छोटे हीटर याच प्रकारचे असतात. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक (हवेत तो वायू वाढला की वाजणारे यंत्र) उशाच्या उंचीवर लावावा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते, म्हणून त्याचा सूचक खाली लागतो. गॅसची टाकी बाहेर, ड्रॉबारवर (ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यावर) ठेवतात. रोजचा स्वयंपाक मागचे दार उघडून दाराशीच करणारे शहाणपणाचे वागतात.

बाहेर पडण्याची वाट : मालवाहू ट्रेलरची दारे बाहेरून बंद करण्यासाठी बनवलेली असतात, कारण मालाला आतून दार उघडायचे नसते. मागच्या दारांवर उभा दांडा असतो, तो फिरला की वर-खालची टोके चौकटीच्या खाचेत अडकतात. आतून त्याला हात लागत नाही. बाजूच्या दारावरही कित्येकदा अशीच आडवी कडी असते. आत माणूस झोपलेला असताना कोणी सहज, खोडी म्हणूनही, ती कडी लावली तर तो अडकला. आग लागली तर फारच थोडा वेळ मिळतो. त्यामुळे पलंग किंवा फोम यांच्याआधी करायचे काम म्हणजे बाजूच्या दाराला आतून उघडणारे कुलूप बसवणे, आणि बाहेरची कडी काढून टाकणे किंवा आत असताना ती लागणारच नाही अशी अडवणे. दुसरी वाट म्हणून माणूस निघेल एवढी, आतून उघडणारी खिडकी दाराच्या समोरच्या भिंतीत असावी. यात तडजोड होऊ शकत नाही.

वीज व पाणी : १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे सव्वा किलोवॅट-तास वीज साठवते आणि १० ते १३ किलोंत बसते. तेवढ्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी तिच्या दुपटीहून जड, आणि टिकवायची तर तिची निम्मीच क्षमता वापरता येते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. सौर पट्टी (सोलर पॅनेल) छतावर बसवली तर ट्रेलर उन्हात उभा करावा लागतो. सुटी पट्टी लांब वायरने उन्हात मांडून डबा सावलीत ठेवता येतो आणि छताला भोकेही पडत नाहीत. पाण्यासाठी नळजोडणी न करता हाताने उचलता येतील असे कॅन ठेवणे सोपे, शिवाय गारठ्यात पाइप फुटत नाहीत.

मुक्काम आणि कायदा : व्हॅनच्या तुलनेत ट्रेलरचा मोठा लाभ म्हणजे तो मुक्कामी सोडून गाडी घेऊन जाता येते. गाडी बिघडली तरी घर गॅरेजमध्ये जात नाही. उणीवही त्याच जोडणीत आहे. अडचण आली तर झोपेतून उठून थेट चालकाच्या जागी बसता येत नाही, आणि सोडून ठेवलेला हलका ट्रेलर चोराला सहज ओढून नेता येतो. जोडणीला आणि चाकाला कुलूप लागते. मागे घेताना छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो, कारण ॲक्सल जोडणीच्या जवळ असल्याने तो चटकन वळतो आणि दुमडतो.

चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास बहुतेक देशांत मनाई आहे. शहरातील रस्त्यावर वाहनात झोपण्याचे नियम गावोगावी बदलतात. अमेरिकेत भूव्यवस्थापन विभागाच्या सार्वजनिक जमिनीवर एका जागी साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस राहता येते, मग हलावे लागते. काही खासगी मुक्कामतळ घरी बांधलेला ट्रेलर घेत नाहीत. बांधणीत कायमचा पलंग आणि गॅस आला की काही ठिकाणी नोंदणी व विमा बदलावा लागतो, म्हणून लाकूड कापण्याआधी ही चौकशी झालेली असावी.

देखभाल : राहता ट्रेलर महिनोन्महिने एका जागी उभा असतो आणि मग एका दिवसात लांब पल्ला कापतो. टायरची नक्षी नवी दिसत असली तरी रबर वयाने कडक होते. पाच-सहा वर्षांनी टायर बदलतात. निघाल्यावर पहिल्याच थांब्यावर दोन्ही चाकांच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेऊन पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापला असेल तर बेअरिंगमधले ग्रीस संपले आहे किंवा ब्रेक घासतो आहे, आणि तसेच पुढे गेल्यास चाक निखळू शकते. छताच्या सांध्यांवरचे सील उन्हाने तडकते. ते वर्षातून एकदा शिडी लावून तपासतात, विशेषतः पंख्याच्या झडपेभोवती, कारण तिथून झिरपलेले पाणी आतल्या प्लायवूडवर डाग दिसेपर्यंत फोममागे मुरत राहते.