लोहप्रेरित पेशीमृत्यू आणि चेतापेशींचा ऱ्हास

पेशीपटलातील मेदाम्लांचे लोहाच्या साहाय्याने अनिर्बंध ऑक्सिडीकरण होऊन पेशी मरते, त्या मृत्यूप्रकाराला लोहप्रेरित पेशीमृत्यू किंवा फेरोप्टोसिस म्हणतात. हे नाव कोलंबिया विद्यापीठातील स्कॉट डिक्सन, ब्रेंट स्टॉकवेल व सहकाऱ्यांनी २०१२ साली दिले. अपोप्टोसिसमध्ये (पेशीच्या नियोजित मृत्यूत) कामाला येणारे कॅस्पेज विकर येथे लागत नाहीत. पेशीचे केंद्रकही तुकड्यांत विभागले जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आक्रसलेल्या, दाट पटलाच्या तंतुकणिका मात्र दिसतात.

नुसते लोह वाढल्याने पेशी मरत नाही. फेरिटिन या प्रथिनाच्या एका गोळ्यात सुमारे ४,५०० लोह-अणू निर्धोकपणे साठू शकतात. धोका असतो तो मोकळ्या, द्विसंयुजी लोहाचा. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची क्रिया होऊन हायड्रॉक्सिल मूलक बनते आणि पटलातील बहुअसंतृप्त मेदाम्लांवर ऑक्सिडीकरणाची साखळी सुरू होते. ही साखळी तोडण्याचे मुख्य काम जीपीएक्स४ या सेलेनियमयुक्त विकराचे. त्याला ग्लुटाथायोन हा ऑक्सिडीकरणरोधक रेणू लागतो, आणि ग्लुटाथायोनसाठी सिस्टीन हे अमिनो आम्ल. पेशी ग्लुटामेट बाहेर टाकून त्याच्या बदल्यात सिस्टिन (दोन सिस्टीन रेणूंची जोडी) आत घेते आणि त्यापासून सिस्टीन मिळवते. बाहेर ग्लुटामेट साचले की ही देवाणघेवाण अडते आणि ग्लुटाथायोन संपत जाते. एफएसपी१ हे प्रथिन व को-एन्झाइम क्यू१० ही दुसरी संरक्षक फळी. तिची भूमिका २०१९ मध्ये उघड झाली.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीत सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. ॲराकिडॉनिक आम्ल व डीएचए यांसारखी सहज ऑक्सिडीकृत होणारी मेदाम्लेही त्यात भरपूर असतात. वयाबरोबर तळगंडिकांत (मेंदूच्या खोलवरच्या, हालचालींशी संबंधित भागांत) लोह साचते. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) कृष्णद्रव्यात (डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशींच्या भागात) लोह वाढलेले व ग्लुटाथायोन घटलेले आढळते. अल्झायमरमध्ये अमायलॉइड या प्रथिनाच्या साठ्यांभोवती लोह सापडते. पण हे सारे सहअस्तित्वाचे पुरावे आहेत. त्याहून वजनदार पुरावा उंदरांवरील प्रयोगाचा: प्रौढ उंदरांच्या चेतापेशींतून जीपीएक्स४चे जनुक काढून टाकताच प्रेरक चेतापेशी झपाट्याने मेल्या आणि उंदीर लुळे पडले. तेथे बाहेरून लोह द्यावे लागले नव्हते.

उलट बाजू पीकेएएन या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसते. एमआरआयवर ‘वाघाचा डोळा’ म्हणून ओळखली जाणारी त्यातील खूण लोहसंचयामुळे उमटते, पण बिघडलेले जनुक को-एन्झाइम ए बनवण्याशी संबंधित असते, लोहाशी थेट नव्हे. अशा ठिकाणी लोह हे कारण की परिणाम, हा प्रश्न उरतोच.

उपचारांच्या चाचण्यांनी हा प्रश्न अधिक धारदार केला. डेफेरिप्रोन हे लोह बांधणारे औषध मेंदूत पोहोचते. नव्याने निदान झालेल्या, लेव्होडोपा हे नेहमीचे औषध कधीही न घेतलेल्या ३७२ पार्किन्सन रुग्णांवरील चाचणीत (२०२२) ते दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ३६ आठवडे दिले गेले. कृष्णद्रव्यातील लोह घटले, तरी लक्षणांचा गुणांक १५.६ ने बिघडला. औषधाऐवजी प्लासिबो (नकली गोळी) घेणाऱ्या गटात बिघाड ६.३ इतकाच होता. एक संभाव्य कारण असे की, डोपामाइन बनवणाऱ्या टायरोसीन हायड्रॉक्सिलेज विकरालाच लोह लागते. दोघा रुग्णांच्या रक्तातील श्वेतपेशीही धोकादायकरीत्या घटल्या. पीकेएएनमध्येही डेफेरिप्रोनने लोह कमी झाले, पण रुग्णांना निर्णायक लाभ झाला नाही. सरसकट लोह उपसण्यापेक्षा मेदांच्या ऑक्सिडीकरणाची साखळी तोडणे किंवा जीपीएक्स४ला बळ देणे ही दिशा म्हणूनच अधिक आशादायक वाटते. मात्र तीही सोपी नाही: सुरुवातीच्या पार्किन्सनमध्ये रोज २,००० एकक ई जीवनसत्त्व देऊन गुण आला नव्हता.

प्रयोगशाळेत फेरोप्टोसिसचे निदान वगळण्याच्या पद्धतीने होते. फेरोस्टॅटिन-१ (मेदांचे ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) किंवा डेफेरॉक्सामिनने (लोह बांधणाऱ्या औषधाने) पेशी वाचल्या आणि कॅस्पेजरोधकाने वाचल्या नाहीत, तर फेरोप्टोसिस मानतात. मेदांच्या ऑक्सिडीकरणातून बनणारे ४-हायड्रॉक्सिनोनेनल निव्वळ वाढलेले दिसणे पुरेसे नाही. ते इतर ऑक्सिडीकरणातही वाढते. जिवंत रुग्णाच्या मेंदूत हा मृत्यू दाखवणारी एकही विश्वसनीय खूण नाही. एमआरआय लोह दाखवतो, पेशी कशी मेली ते नव्हे.

रक्तातील फेरिटिनवरून मेंदूतील लोहाचा अंदाज बांधता येत नाही, कारण रक्त-मेंदू अडथळा लोहाची ये-जा वेगळ्या रीतीने नियंत्रित करतो. रक्तक्षयासाठी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या या संशोधनाच्या धास्तीने बंद करणे चुकीचे ठरेल.