मोफत आणि मुक्त: कोर्सचं मटेरियल निवडताना होणारा घोळ

कोर्स बनवायला घेतला की आपण आधी लिंका गोळा करतो आणि शीटमध्ये एक कॉलम हमखास असतो, 'फ्री आहे का'. मी पण तेच करायचो. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलेल्या मुलांसाठी फिजिक्सचा ब्रिज कोर्स करत होतो, यूट्यूबवरचे चौदा व्हिडिओ निवडले, प्रत्येकावर प्रश्न काढले, वर्कशीटवर क्यूआर कोड छापले, आणि दिवाळीनंतर बघतो तर पाच व्हिडिओ प्रायव्हेट झालेले. चॅनेलवाल्याला काय बोलणार, व्हिडिओ त्याचे होते. मी मोफत बघून मुक्त समजलो होतो.

मोफत म्हणजे आत्ता बघायला पैसे पडत नाहीत, एवढंच. उद्या पडतील, किंवा लिंकच जाईल. मुक्त म्हणजे ज्याने बनवलंय त्याने आधीच लेखी परवानगी देऊन ठेवलीय की घ्या, वापरा. युनेस्कोच्या बैठकीत २००२ साली 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हा शब्द आला, आपण त्याला मुक्त शैक्षणिक साधनं म्हणतो. मुक्त शिक्षणावर काम करणारे अमेरिकेतले अभ्यासक डेव्हिड वायली यांनी त्यात पाच हक्क सांगितलेत: कॉपी स्वतःकडे ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या मटेरियलमध्ये मिसळणं आणि पुढे वाटणं. मला विचाराल तर पहिला सगळ्यात मोठा, कारण कॉपी आपल्याकडे असली की मूळ साइट बंद पडली तरी कोर्स चालू राहतो, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं (थोडक्यात सीसी, अशा परवानग्यांचे तयार मसुदे) लायसन्स एकदा दिलं की त्या अटी पाळणाऱ्याकडून ते परत काढून घेता येत नाही. (नाशिकच्या मुक्त विद्यापीठातला 'मुक्त' वेगळा हां, तिथे प्रवेश खुला आहे असा अर्थ, त्यांचं पुस्तक कॉपी करायला खुलं आहे असा नाही.)

सगळ्यात जवळचं उदाहरण बालभारतीचं. पीडीएफ साइटवरून मोफत उतरवता येतात, आणि ही फार मोठी सोय आहे, पण पुस्तक उघडून सुरुवातीची पानं वाचा, सर्व हक्क मंडळाकडे आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे मोफत आहे, मुक्त नाही. मुलांना लिंक द्या, पुस्तक वाचायला सांगा, काहीच अडचण नाही, पण त्यातल्या आकृत्या उचलून स्वतःची पुस्तिका छापून वाटायची असेल तर परवानगी लागते. याउलट ओपनस्टॅक्स या मुक्त पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या अमेरिकन प्रकल्पाचं 'कॉलेज फिजिक्स' घ्या, २०१२ ला आलं, सीसी बाय लायसन्स, म्हणजे श्रेय द्या, बदल केला असेल तर तसं सांगा आणि हवं ते करा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवरच्या गोष्टी पण बहुतेक अशाच, तिथे तर साइटवरच मराठीत भाषांतर करून टाकता येतं.

आणि भाषांतरावरच आपल्या लोकांनी जरा थांबून विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत शिकवणाऱ्याला मोफत लिंकवर भागतं, तो आहे तसं मटेरियल दाखवतो. आपल्याला बहुतेक वेळा ते मराठीत आणायचं असतं, आकृतीवर 'वेग' आणि 'त्वरण' लिहायचं असतं, अमेरिकेतल्या फ्रीवेच्या जागी एसटीचं गणित टाकायचं असतं, आणि कायद्याने भाषांतर म्हणजे बदलच. त्यामुळे लायसन्सच्या नावात एनडी दिसलं, म्हणजे बदल करून वाटायचं नाही, तर ते मटेरियल कितीही सुंदर असो, मराठी वर्गासाठी त्याचा उपयोग फक्त दाखवण्यापुरता. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको, खान अकॅडमीचे धडे आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ओपनकोर्सवेअर (त्यांच्या कोर्सचं ऑनलाइन मटेरियल) या गटातलं, फी घेणारा क्लास असेल तर मी ते कोर्समध्ये घालणार नाही. एसए म्हणजे बदलून जे बनवाल तेही त्याच अटींवर द्या, विकिपीडिया आणि एनपीटेल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) तसं आहे. इथे एक बारीक खोच अशी की विकिपीडियाचा मजकूर आणि एमआयटीचा मजकूर मिसळून एकच नवा धडा बनवला तर दोघांच्या अटी एकमेकांशी जुळत नाहीत, कारण विकिपीडियाला व्यापारी वापर चालतो आणि एमआयटीला नाही, शेजारी शेजारी वेगळे ठेवले तर चालतं.

यूट्यूबवर पण फरक कळतो. काहीच निवडलं नसेल तर व्हिडिओ स्टँडर्ड लायसन्सवर जातो, म्हणजे बघायला मोफत पण मुक्त नाही, पण काही जण क्रिएटिव्ह कॉमन्स निवडतात, सर्चच्या फिल्टरमध्ये तो पर्याय आहे आणि व्हिडिओच्या माहितीत खाली लिहिलेलं असतं.

लायसन्स मुक्त म्हणजे मटेरियल चांगलं असं मात्र नाही, चुका तिथेही असतात, ते वेगळं तपासावंच लागतं. शिवाय कागदावर मुक्त आणि हातात बंद असाही प्रकार असतो. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखी ओळखली जावीत म्हणून केलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या असतात, मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं येतात, सर्च चालत नाही, अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर त्यातलं काहीच धड वाचता येत नाही. म्हणून मी एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघतो, अर्ध्या मिनिटात कळतं.

कोणी म्हणेल शिक्षकाला सूट असते ना. असते, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना जागा आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या खटल्यात २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने पुस्तकांतली पानं जोडून केलेल्या संचांनाही ती लागू धरली. पण तेच संच सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकले किंवा छापून विकले तर ती सूट आहे असं धरून चालू नका.

आता माझ्या शीटमध्ये 'फ्री' कॉलम नाहीये. त्या जागी लायसन्सचं नाव, ते जिथे लिहिलंय त्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि फाइल आमच्या ड्राइव्हवर आहे की नुसती लिंक आहे, असे तीन कॉलम आहेत. गेलेल्या पाच व्हिडिओंपैकी तिघांच्या जागी ओपनस्टॅक्सच्या आकृत्या मराठी नावं टाकून वापरतोय, खाली श्रेयाची ओळ असते. उरलेल्या दोन विषयांना मुक्त असं काही सापडलं नाही, ते फळ्यावरच शिकवतो.