ग्रीक थिएटर की रोमन? कोपरा बघा

अथेन्सला ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर दोन थिएटरं आहेत. ‘प्राचीन ग्रीक थिएटर’ म्हणून फोटो टाकले जातात ते बहुधा पश्चिमेकडच्या, उंच कमानींच्या भिंतीचे. ते हेरोडीस ॲटिकसचं ओडिऑन (म्हणजे संगीताचं सभागृह), रोमन अमलातलं, इ.स. १६१ च्या सुमाराचं. सोफोक्लीस-युरिपिडीस या ग्रीक नाटककारांची नाटकं झाली ती पूर्वेच्या, बऱ्याच पडझड झालेल्या डायोनिससच्या थिएटरात.

आडवाटेची थिएटरं हुडकत फिरायचं तर हा फरक स्वतःलाच ओळखता यायला हवा. प्रेक्षकांच्या नुसत्या पायऱ्या बघून फारसं कळत नाही. बघायचा तो पायऱ्या आणि रंगमंच जिथे भेटतात तो कोपरा. ग्रीक थिएटरात ते भेटतच नाहीत! पायऱ्या डोंगरउतारात खोदलेल्या, अर्धवर्तुळाच्याही थोड्या पुढे वळलेल्या. रंगमंचाची इमारत वेगळी, आणि मधून दोन्ही बाजूंना उघडी वाट. कोरस, म्हणजे नाटकातला गाणारा-नाचणारा ताफा, तिथूनच आत यायचा. रोमन थिएटर नेमकं अर्धवर्तुळ असतं, वाटेवर छत चढतं आणि रंगमंचामागची भिंत पायऱ्यांना येऊन भिडते. तुर्कस्तानातल्या आस्पेंडोसला ही भिंत अजून जवळजवळ पूर्ण उंचीची उभी आहे. शिवाय रोमन लोकांना डोंगर लागतोच असं नाही. सीरियातलं बोस्रा सपाटीवर, कमानींच्या आधारावर उभं आहे.

रंगमंचाची उंचीही बोलकी. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हिअस सांगतो, रोमन मंच पाच फुटांपेक्षा उंच नको, कारण समोरच्या मोकळ्या जागेत सिनेटर बसतात, त्यांना दिसायला हवं. ग्रीकांकडे त्या जागेत कोरस नाचायचा, म्हणून मंच दहा-बारा फूट उंच चालायचा. हे डोळ्यांनी बघायचं तर माझ्या मते अथेन्सच्या उत्तरेला ओरोपॉसचं आम्फिआरेइऑन हे प्राचीन देवस्थान गाठावं. झाडीतलं छोटंसं थिएटर, मानकऱ्यांची पाच संगमरवरी आसनं आणि पुन्हा उभी केलेली मंचाखालची स्तंभांची रांग. स्तंभांच्या मधल्या फटींत रंगवलेल्या फळ्या बसवायचे.

खरी पंचाईत ग्रीक-रोमन सरमिसळीची. सिसिलीतल्या ताओर्मिनाला सगळे ग्रीक थिएटर म्हणतात. मूळ ग्रीक खरं, पण आज दिसतं ते विटांचं काम बहुतेक रोमन. रंगमंचामागच्या भिंतीच्या खिंडारातून एटना ज्वालामुखी दिसतो म्हणून लोक हरखतात, पण ती भिंत धड असती तर एटना दिसलाच नसता! ग्रीसमधल्या दोदोनाला तर रोमनांनी खालच्या रांगा काढून भिंत घातली आणि जनावरांच्या झुंजींचा आखाडा केला.

आणि थोरिकॉस कुठल्याच नियमात बसत नाही. अथेन्सच्या आग्नेयेला लाव्रिओच्या चांदीच्या खाणींजवळचं हे थिएटर इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीचं, आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. गोल नाही, अर्धगोलही नाही: मधे जवळपास सरळ आणि टोकांना वळलेल्या लांबट पायऱ्या, दगडी मंचाचा पत्ता नाही, लगतच खाणीचं तोंड. तरी अस्सल ग्रीक.