केमो चालू असताना लस चालते का?

"केमो चालू आहे, अंगात त्राण नाही, त्यात लस कशी सोसायची?" २०२१मध्ये कोव्हिडची लस आली तेव्हा सांगली-मिरजेत कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक हे हमखास विचारायचे. १ मार्चपासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली. केंद्राच्या यादीत कॅन्सरचे उपचार घेणारेही होते. पंचेचाळिशीच्या आतल्या रुग्णांना मात्र १ मेपर्यंत थांबावं लागलं, आणि हे मला आजही पटत नाही. केमो काही वय बघून पांढऱ्या पेशी कमी करत नाही.

सोसण्याची भीती अनाठायी होती. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. कोव्हिशील्डमधला चिंपांझीचा ॲडेनोव्हायरस शरीरात वाढूच शकत नाही. प्रतिकारशक्ती कितीही खालावलेली असली तरी या लशींनी कोव्हिड होत नाही. (गोवर, कांजिण्यांच्या लशी जिवंत असतात, त्या केमोत टाळतात.) खरा प्रश्न लस लागू पडण्याचा आहे.

हाताला जखम चिघळली की काखेत अवधाण येतं. ती सुजलेली लसिका गाठ. दंडात टोचलेल्या लशीचा माल तिथेच पोचतो आणि गाठीत बी-पेशींची, म्हणजे अँटिबॉडी (विषाणूला धरणारी प्रथिनं) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, जननकेंद्रं उभी राहतात. तिथे बी-पेशी भराभर विभागतात आणि विभागताना स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल करतात. बहुतेक बदल वाया जातात. ज्या पेशीची अँटिबॉडी विषाणूच्या काट्याला (स्पाइक प्रथिनाला) जास्त घट्ट धरते, तिला मदतनीस टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) जगण्याचा इशारा देते. बाकीच्या मरतात. उरलेल्या पुन्हा विभागतात, पुन्हा बदल, पुन्हा निवड. तालमीत जोडीमागून जोड लावून पैलवान घडावा तशी अँटिबॉडी घडते. डार्विनची निवड आपल्या काखेत काही आठवड्यांत चालते, याहून सुंदर गोष्ट मला शरीरात दुसरी दिसलेली नाही.

केमो विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालते, म्हणून हे काम मंदावतं. पण केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये पेशी सावरतात. लिम्फोमात (लसिका गाठींच्या कॅन्सरमध्ये) देतात त्या रिटुक्सिमॅब या औषधाचं वेगळं आहे. ते सीडी२० ही खूण असलेल्या बी-पेशीच संपवतं, सहा महिने किंवा त्याहूनही जास्त काळ. मग निवडायला पेशीच नसतात. ब्रिटनमधल्या 'कॅप्चर' अभ्यासात दोन डोसांनंतर अवयवांत घट्ट गाठ होणाऱ्या (स्तन, फुप्फुस अशा) कॅन्सरच्या ८५ टक्के रुग्णांत अँटिबॉडी दिसल्या, रक्ताच्या कॅन्सरमध्ये ५९ टक्क्यांतच. तरी लस फुकट जात नाही. टी-पेशींवर सहसा सीडी२० नसतो, त्या बहुतेक रुग्णांत तयार होतात. अशा रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांनीही लस घ्यायला हवी.

ही निवड कुठल्याही काढ्याने होत नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' म्हणून गुळवेलीचा रस केमोच्या रुग्णाला पाजणं तर धोक्याचं आहे. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्येच प्रसिद्ध केल्या.

लशीनंतर काखेत गाठ आली की स्तनाच्या कॅन्सरच्या बायका धास्तावतात. पेट स्कॅनमध्येही (कॅन्सर कुठे पसरलाय ते बघण्याच्या तपासणीतही) ती उजळते आणि रोग पसरल्यासारखी भासते. म्हणून लस आजार नसलेल्या बाजूच्या दंडात घ्यावी आणि स्कॅनच्या वेळी तिची तारीख सांगावी. दोन्ही बाजूंना आजार असेल, तर डॉक्टरांना विचारून मांडीत घेता येते.