डबीतलं सोनेरी मेण आणि त्यामागची जुनी विद्या

रंगवलेल्या कपाटाच्या कडांवर, खणाच्या मुठीभोवती किंवा खुर्चीच्या पायावरच्या नक्षीवर बोटाने सोनेरी मेण चोळायचं, थोडं सुकू द्यायचं आणि मऊ कापडाने घासून चमक काढायची. काम एवढंच. शिकवणारे सोबत तीन नियम हमखास सांगतात: मेण फक्त उंचवट्यांवर लावा, खाली तांबूस किंवा गडद रंग ठेवा, आणि मेण सगळ्यात शेवटी. तिसरा नियम मेणाच्या स्वभावातून आला आहे. पहिले दोन मात्र फार जुने आहेत आणि ज्या कारागिरांनी ते घालून दिले, त्यांच्या हाताशी असली डबी नव्हतीच.

लाकडावर सोनं चढवण्याची हौस निदान प्राचीन इजिप्तइतकी जुनी. 1922 मध्ये तूतनखामेनची कबर सापडली तेव्हा आत सोन्याने मढवलेलं लाकडी सिंहासन होतं. पण लाकडावर सोनं सरळ बसत नाही. लाकूड रेषाळ, सच्छिद्र, ऋतूनुसार फुगणारं-आकसणारं. त्यावर आधी गुळगुळीत थर हवा. युरोपातल्या मध्ययुगीन कारागिरांनी या पूर्वतयारीचं शास्त्रच केलं. सरसात कालवलेल्या खडूचे किंवा जिप्समचे अनेक हात द्यायचे, घासायचे, त्यावर बारीक तांबडी चिकणमाती लावायची, ती पाण्याने ओलसर करून वर्ख टेकवायचा आणि शेवटी अकीकाच्या दगडाने किंवा एखाद्या जनावराच्या दाताने घोटून आरशासारखी चमक आणायची. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीने 1400 च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत तक्रार आहे की वर्ख करणारे ड्युकॅट या सोन्याच्या एका नाण्यातून 145 पानं काढतात, सपाट पृष्ठभागासाठी खरं तर 100 च्या वर काढू नयेत. सोन्यात काटकसर करण्याची खोड तेव्हाही होतीच.

तांबड्या थराचा नियम इथला. आजचा वर्ख साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. एवढ्या पातळ सोन्यावर खालच्या रंगाची छटा पडते. तांबड्या मातीमुळे सोनं उबदार दिसतं आणि कडेला ते झिजलं की खालून तीच माती डोकावते. चित्रांच्या जुन्या चौकटींवर दिसणारा हा तांबूसपणा पुढे जुनेपणाची खूण ठरला आणि आज नव्या लाकडावर तो मुद्दाम आणला जातो. उंचवट्यांचा नियमही याच कामातला. कोरीवकामाच्या खोल खाचांत वर्ख नीट शिरत नाही, म्हणून तिथे पिवळी माती लावायची पद्धत होती. राहिलेली फट डोळ्यांना खुपत नसे. घोटणीचा दगडही पोचतो तो वरच्या भागापर्यंतच. साहजिकच झळाळी उंचावर आणि खाचा मंद.

सगळं फर्निचर सोन्याने मढवायचं नाही, रंगावर मोजक्याच रेषा सोनेरी ठेवायच्या, ही चाल अठराव्या शतकात विशेष बहरली. फिकट रंगाच्या खुर्च्यांवर नक्षीपुरतं सोनं असे. श्रीमंत फ्रेंच कपाटांच्या कोपऱ्यांवर, पायांवर, कुलपाच्या भोकाभोवती सोन्याचा मुलामा दिलेले काशाचे तुकडे ठोकत. ते नुसते शोभेचे नव्हते, कोपरे ठेचकाळू नयेत हाही हेतू होता. तो मुलामा सोनं पाऱ्यात कालवून लावत आणि तापवून पारा उडवून देत. त्या वाफेने कारागिरांची तब्येत कायमची बिघडत असे. आज डबी उघडून आपण नेमक्या त्याच जागा शोधतो, कोपरे, पाय, मुठी. सवय त्या कपाटांनी लावलेली आहे.

मेणाचा खरा पूर्वज मात्र वर्ख नव्हे, भुकटी. जपानमध्ये ओल्या लाखेवर सोन्याची भुकटी शिंपडून चित्रं काढण्याची कला हेइआन काळात (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत) फुलली. तिकडून येणाऱ्या वस्तूंनी युरोपाला वेड लावलं आणि 1688 मध्ये इंग्लंडात स्टॉकर आणि पार्कर यांनी त्या कामाची नक्कल शिकवणारा ग्रंथच छापला. खऱ्या सोन्याच्या जागी हळूहळू पितळ आलं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात आणि आसपास पितळेचे पातळ पत्रे कुटून ‘ब्राँझ पावडर’ बनत असे, नाव काशाचं असलं तरी बहुतेक तांबं आणि जस्तच. अमेरिकेत कनेटिकटमधल्या लॅम्बर्ट हिचकॉकने 1820 च्या दशकात ती हजारो खुर्च्यांवर वापरली. आधी तांबडा, वर काळा रंग, मग अर्धवट सुकलेल्या चिकट रोगणावर कापलेला साचा ठेवायचा आणि बोटाला मखमल गुंडाळून भुकटी चोळायची, मध्यभागी दाट, कडेकडे विरळ. आजचं काम याहून फारसं निराळं नाही. रोगणाची चिकटाई तेवढी आता डबीतल्या मेणात आली आहे.

या भुकटीच्या इतिहासातला सगळ्यात गंमतशीर माणूस हेन्री बेसेमर, स्वस्त पोलादाची पद्धत 1856 मध्ये जाहीर करणारा. बहिणीने काढलेल्या फुलांच्या चित्रांच्या वहीवर सोनेरी अक्षरं काढायला त्याने थोडी भुकटी विकत आणली. भाव ऐकून तो चक्रावला: एका औंसाला सात शिलिंग, आणि आतलं पितळ कवडीमोल. दर हाताने कुटण्याच्या मेहनतीचा होता. त्याने यंत्र तयार केलं. पेटंट घेतलं असतं तर पद्धत उघड झाली असती, म्हणून सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनवून घेतले आणि कारखाना विश्वासातल्या नातेवाइकांच्या हाती दिला. पोलादाच्या प्रयोगांना लागलेला पैसा या सोनेरी धुळीने पुरवला. रुपेरी छटाही लवकरच स्वस्त झाली, कारण 1886 मध्ये विद्युत्‌-विघटनाची पद्धत सापडल्यावर ॲल्युमिनियम कुणालाही परवडू लागलं.

पितळी भुकटीचा एक दोष सुटेना. तेला-मेणातल्या आम्लांशी तांब्याची गाठ पडली की ते काळवंडतं किंवा हिरवट होतं. कितीतरी जुन्या ‘सोनेरी’ चौकटी आज तपकिरी दिसतात त्या यामुळेच. भुकटी मेणात आणि टर्पेंटाइनमध्ये कालवून केलेले लेप चौकटींचे उडालेले कोपरे झाकायला वापरले जात. दुरुस्तीपुरतं ते ठीक होतं. 1960 च्या दशकात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर चढवलेली रंगद्रव्यं आली आणि धातूशिवायच धातूची चमक मिळू लागली. थराच्या जाडीनुसार प्रकाशाचे रंग बदलतात; लोहाचा ऑक्साइड जोडला की सोनं, तांबं, ब्राँझ अशा छटा निघतात. काळवंडण्याचा प्रश्नच नाही. आज ‘मेटॅलिक वॅक्स’ म्हणून विकलं जाणारं बरंच काही असलंच आहे, अस्सल धातूची भुकटी असलेली मेणंही अजून मिळतात.

राहिला रंग. ॲनी स्लोन या ब्रिटिश रंगकारागिराने 1990 मध्ये ‘चॉक पेंट’ बाजारात आणला. हा मॅट, म्हणजे चमक नसलेला, रंग लाकडाला फारसं न घासताही धरतो, पण पृष्ठभाग सच्छिद्र ठेवतो, म्हणून त्यावर मेणाचा हात द्यावा लागतो. घरोघरी जुनं फर्निचर रंगवणाऱ्यांच्या हाती असं मेण आलंच होतं. त्यात सोनेरी डबीची भर पडायला वेळ लागला नाही. आणि तिसरा नियम इथेच आहे: मेणावर ना रंग धरतो ना वॉर्निश, त्यामुळे ते शेवटीच. ते कडक सुकतही नाही; उन्हातल्या किंवा रोज हात पडणाऱ्या जागी लवकर पुसट होतं. अशा ठिकाणी, खणाच्या मुठीवर विशेषतः, माझ्या मते मेणाचा हट्ट सोडून सोनेरी रंग लावून वर वॉर्निश मारलेलं बरं.