राखीव भूमीवरचं घर आणि नुनावुटमधलं सरकारी घर: दिसायला सारखी, कागदावर वेगळी

कॅनडाच्या उत्तरेतल्या मूळ रहिवाशांच्या घरांची बातमी आली की फोटो ठरलेला असतो: बर्फात उभं लाकडी घर, आत तीन खोल्यांत दहा-बारा माणसं, कोपऱ्यात काळी बुरशी. त्यामुळे उत्तर ओंटारियोतलं राखीव भूमीवरचं अट्टावापिस्काट आणि आर्क्टिकमधल्या नुनावुट प्रदेशातलं इकालुइट ही एकाच माळेतली गावं वाटतात. प्रत्यक्षात त्या घरांचे मालक वेगळे आणि जमिनीचे कायदेही वेगळे. सुधारणेची चर्चा घसरते ती याच ठिकाणी, कारण एकीकडचं औषध दुसरीकडे लागू पडत नाही.

आधी मूळ फरक. १९३९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की संविधानाच्या दृष्टीने इन्युइट, म्हणजे आर्क्टिकमधले मूळ रहिवासी, हे लोकही केंद्राच्या अखत्यारीत येतात. पण १९५१ मध्ये ‘इंडियन ॲक्ट’मधून त्यांना स्पष्टपणे वगळण्यात आलं. म्हणून ज्या मूळ समाजांना पूर्वी ‘इंडियन’ म्हणत त्या फर्स्ट नेशन्सना त्या कायद्याखालच्या राखीव भूमी आहेत, तर नुनावुटमध्ये राखीव भूमी नाहीत. तिथे गावांना नगरपालिका आहेत आणि वर प्रदेशाचं सरकार.

राखीव भूमीवर जमिनीची मालकी राजसत्तेकडे असते. ती फक्त बँडच्या, म्हणजे त्या समाजाच्या, वापरासाठी राखलेली असते. एखाद्या सदस्याला ताब्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण कायद्याच्या ८९व्या कलमानुसार बाहेरच्या बँकेला ती मालमत्ता तारण घेता येत नाही की जप्त करता येत नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून हे संरक्षण आहे आणि ते महत्त्वाचं आहे. पण त्यामुळे साधं गृहकर्ज अडतं. मग वाट अशी: बँड काउन्सिल ठराव करते, केंद्राचं मूळ रहिवासी सेवा खातं कर्जाला मंत्र्यांची हमी देतं, त्या हमीवर बँक पैसे देते. राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याच्या ९५व्या कलमाखालच्या घरांना केंद्राचं गृहनिर्माण महामंडळ कर्ज फिटेपर्यंत अनुदान देतं. कर्ज फिटलं की अनुदान थांबतं. नेमकं तेव्हाच छप्पर, खिडक्या, घर गरम ठेवणारी भट्टी एकदमच बदलायला येतात आणि तो सगळा खर्च बँडच्या अंगावर पडतो. त्यात हप्ते थकले तर केंद्र बँकेचे पैसे भरतं आणि बँडकडून वसूल करतं. म्हणजे पुढच्या घराचा पैसा मागच्या घराच्या कर्जात जातो.

अट्टावापिस्काटने २०११ मध्ये घरांसाठी आणीबाणी जाहीर केली. कुटुंबं तंबूत आणि शेडमध्ये राहत होती. केंद्राने उत्तर म्हणून बँडच्या हिशेबांवर बाहेरचा व्यवस्थापक नेमला. २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने ती नेमणूक अवाजवी ठरवली. गरज होती ती घरांची आणि तांत्रिक मदतीची, आणि दिला गेला तो हिशेबनीस. याबद्दल राग यावा हे रास्तच आहे.

नुनावुटमध्ये गोष्ट साधी दिसते: घरमालक एकच, नुनावुट हाउसिंग कॉर्पोरेशन. तिथल्या २५ गावांत तिच्या वतीने स्थानिक गृहसंस्था भाडं गोळा करतात, दुरुस्ती करतात आणि प्रतीक्षायादीतून घरं वाटतात. प्रदेशातली निम्म्याहून अधिक माणसं या घरांत राहतात. घर मिळायला इन्युइट असण्याची अट नाही, कारण नुनावुटचं सरकार सगळ्याच रहिवाशांचं आहे, फक्त इन्युइटांचं नाही. राखीव भूमीवर मात्र बँडचं सदस्यत्व पाहिलं जातं. भाडं उत्पन्नावर ठरतं, किमान महिन्याला ६० डॉलर. पूर्वी घरातल्या सगळ्या कमावत्यांचं उत्पन्न धरलं जाई. मुलाला नोकरी लागली की आईचं भाडं वाढे आणि नोकरी सोडणंच परवडे. २०१४ पासून फक्त दोन मुख्य भाडेकरूंचं उत्पन्न मोजलं जातं. कागदावर एका ओळीचा बदल, पण घरात मोठा.

इथली खरी अडचण चालू खर्चाची आहे. तेलावरची भट्टी, टँकरने येणारं पाणी, टाकीतून उपसायचं सांडपाणी: हे सगळं भाड्यातून निघूच शकत नाही. केंद्राने १९९३ मध्ये नव्या सामाजिक घरांचा पैसा बंद केला आणि जुन्या घरांच्या देखभालीचं अनुदान दरवर्षी घटत २०३७-३८ पर्यंत शून्यावर येणार आहे. ‘नुनावुट ३०००’ योजनेत २०३० पर्यंत ३,००० घरांचं उद्दिष्ट आहे, पण त्यातलं प्रत्येक सरकारी भाड्याचं घर हाच खर्च वाढवतं. ‘घरं विकून टाका, लोकांना मालक करा’ हा सल्लाही अपुरा आहे. घर विकत घेता येतं, पण गावातली जमीन भाडेपट्ट्यावरच मिळते. २०१६ च्या जनमतात गावांनी जमिनीच्या विक्रीला नकार दिला. शिवाय भट्टीच्या तेलाचं बिल मालकालाही चुकत नाही.

मालवाहतुकीचं वेळापत्रकही उलटं आहे, आणि ते योजना आखणाऱ्यांच्या सहज निसटतं. नुनावुटच्या एकाही गावाला बाहेरून रस्ता नाही. लाकूड, खिळे, बाथटब सगळं उन्हाळ्यातल्या जहाजांनी येतं, साधारण जुलै ते ऑक्टोबर. मागणी वसंतातच नोंदवावी लागते. जहाज चुकलं की वर्ष गेलं. उत्तर ओंटारियोतल्या दुर्गम राखीव भूमींना याउलट हिवाळी बर्फाचा रस्ता लागतो, साधारण जानेवारी ते मार्च. निधीची मंजुरी उन्हाळ्यात आली तर सामान पुढच्या जानेवारीतच निघणार, आणि आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला. वर्षाचा निधी वर्षातच संपवायची अट इथे अक्षरशः घरं अडवते.

बुरशी मात्र दोन्हीकडे तीच, आणि तिचं कारण राहणाऱ्यांची अस्वच्छता नव्हे. २०२१ च्या जनगणनेत इन्युइटांच्या मूळ प्रदेशांतले (नुनावुट आणि इतर तीन) निम्म्याहून अधिक इन्युइट आणि राखीव भूमीवरचे एक तृतीयांशाहून जास्त रहिवासी गर्दीच्या घरांत होते. इतक्या माणसांचा श्वास, स्वयंपाक, आत वाळणारे कपडे यांची वाफ थंड खिडक्यांवर आणि बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत पाणी होऊन बसते. उष्णता वाचवत हवा बदलणारं यंत्र असतं, पण त्याची जाळी तुंबते, ते बर्फाने गोठतं किंवा गार झोत येतो म्हणून बंद केलं जातं. बुरशी पुसून रंग मारला की काही महिन्यांत ती परत. यंत्राची नियमित साफसफाई करणारा गावातलाच पगारी तंत्रज्ञ हवा. नुनावुटमध्ये त्याचा पगार गृहसंस्थेच्या अंदाजपत्रकात बसवता येतो. राखीव भूमीवर, ९५व्या कलमाची मुदत संपलेल्या घरांसाठी, तो कुठून द्यायचा हा प्रश्न उघडाच राहतो.

पैशाची वाटही आता बदलते आहे. २०१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नुनावुटचा घरनिधी प्रदेश सरकारला गेला, तर २०१८ मध्ये इतर तीन इन्युइट प्रदेशांचा थेट इन्युइट संस्थांना. पुढे नुनावुटमधल्या इन्युइटांच्या संस्थेनेही घरांसाठी ‘इग्लुवुट’ हे स्वतःचं महामंडळ उभारलं. निर्णय राहणाऱ्यांच्या हाती येणं योग्यच आहे. मात्र अशा प्रत्येक करारात बांधकामाच्या रकमेशेजारी तेल, पाणी आणि दुरुस्तीची वीस-पंचवीस वर्षांची तरतूद लिहिलेली हवी, नाहीतर घटत्या अनुदानाचा तोच खड्डा नव्या मालकाच्या पायाखाली येईल.