घराबाहेर पडण्याची भीती: सराव नेमका कसा करायचा

नुसतं कोपऱ्यापर्यंत एकटं जायचं म्हटलं तरी छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, पाय लटपटतात. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि या त्रासाला अ‍ॅगोराफोबिया हे नाव मिळालं. आज निदान करताना पाच प्रसंग विचारतात: सार्वजनिक वाहन, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांपैकी किमान दोन ठिकाणी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ अशी भीती वाटत असेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर तो आजार मानला जातो.

भीती खरं तर त्या जागेची नसते. ‘तिथं मला काहीतरी होईल, पटकन निसटता येणार नाही आणि मदतही मिळणार नाही’, याची ती असते. त्यामुळे शरीरात काय घडतं हे कळणं फार महत्त्वाचं आहे. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. जास्त श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. आता आपण कोसळणार असं वाटतं. पण शुद्ध हरपते ती बहुधा रक्तदाब एकदम घसरल्यावर, आणि घाबरल्यावर तो उलट वाढतो. म्हणून अशा भीतीच्या झटक्यात, म्हणजे पॅनिक अटॅकमध्ये, चक्कर जाणवते, पण माणूस बेशुद्ध क्वचितच पडतो. (रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी.) अटॅकचा जोर साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो.

अडचण अशी, की बहुतेक जण त्याआधीच मागे फिरतात. घरात शिरताच हायसं वाटतं आणि मेंदू धडा घेतो: परतलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर, उंबऱ्यातच गाठते. उपचार, म्हणजे पायरीपायरीनं बाहेर पडण्याचा सराव, या धड्याला हात घालतो.

वहीत आठ-दहा प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे भीतीचा आकडा ० ते १०० मध्ये मांडा. दारात पाच मिनिटं उभं राहणं, घराभोवती एक फेरी, कोपऱ्यापर्यंत एकटं, गर्दी नसताना दुकानात, बसनं एक थांबा, मग गर्दीच्या वेळी रांगेत. सुरुवात ३०-४० आकड्याच्या पायरीवर करा. अगदी सोप्या पायरीतून मेंदू नवं काही शिकत नाही.

निघण्यापूर्वी भाकीत लिहा. ‘मला भीती वाटेल’ हे भाकीत कामाचं नाही, कारण ते खरंच ठरणार. ‘रांगेत पाच मिनिटांत मी खाली पडणार, खात्री ८० टक्के’, असं तपासता येईल ते लिहा. पाच मिनिटांचं भाकीत असेल तर पंधरा मिनिटं थांबा. परतल्यावर लिहा: पडलात का? आता खात्री किती? शांत वाटलं की नाही याला फारसं महत्त्व देऊ नका. भीती पूर्ण न उतरताही भाकीत खोटं ठरतं, आणि बदल त्यातूनच होतो. अगदीच असह्य झालं तर घर गाठू नका. थोडं बाजूला थांबा, लाट ओसरू द्या आणि त्याच दिवशी पुन्हा तिथं जा. आठवड्यातले चार-पाच दिवस, दर वेळी अर्धा ते एक तास हे प्रमाण ठीक.

एवढं करूनही फरक पडत नसेल तर बहुतेक वेळा कारण आधारात सापडतं: हातातली पाण्याची बाटली, खिशातली गोळी, फोनवर सतत कुणीतरी, दाराजवळचीच जागा. काही होत नाही, पण श्रेय बाटलीला जातं. मोजूनमापून घेतलेला दीर्घ श्वाससुद्धा असाच आधार बनू शकतो. एकेक आधार सोडत जा. सोबत येणाऱ्यानं आधी शेजारून चालावं, मग वीस पावलं मागून, मग पुढच्या थांब्यावर वाट पाहावी आणि शेवटी घरीच राहावं. ‘काही होणार नाही’ असा दिलासा त्यानं वारंवार देऊ नये. ‘आज भाकीत काय आहे?’ एवढंच विचारावं.

धडधड आणि चक्कर यांचीच धास्ती असेल तर सरावासाठी ही लक्षणं घरात मुद्दाम आणता येतात: एक मिनिट जागच्या जागी धावणं, अर्धा ते एक मिनिट फिरत्या खुर्चीत गोल फिरणं, नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेणं. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकाच रस्त्यावर सराव केला तर धीर त्या रस्त्यापुरताच राहतो. वेळ, दिशा, ठिकाण बदलत राहा. आजारपणामुळे खंड पडला तर एक-दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरू करा.

थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाची अनियमित लय आणि आतल्या कानाचे विकार अशीच लक्षणं देतात, म्हणून एकदा तपासणी हवीच. कॉफीनंही धडधड वाढते. डॉक्टर औषध देतात तेव्हा मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढू शकते, आणि त्या मनानं एकदम बंद करू नयेत. अल्प्राझोलामसारखी, भीती तात्पुरती शमवणारी गोळी घेऊन बाहेर पडलं तर नवा धडा पक्का होत नाही, शिवाय सवय लागण्याचा धोका असतो. बाहेर पडण्यासाठी दारू लागू लागली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर एकट्यानं सराव करत बसू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. दवाखान्यापर्यंत जाणंच जमत नसेल तर पहिली भेट व्हिडिओ कॉलवर मागा.